शुक्रवारी न येणारे साहेब

"पाणी द्या. काठोकाठ भरून द्या."

घरात पाऊल टाकलं की साहेबांचं हे पहिलं वाक्य. पहिल्या वेळी आमच्या हिनं पाहुण्याला देतात तसा पेला घासून, खाली ताटली धरून पाणी आणलं. साहेबांनी ताटली बाजूला ठेवली. पेला न पिताच मधल्या खोलीत नेला आणि भिंतीला लागून जमिनीवर ठेवला. मग पँट गुडघ्यावर जरा वर ओढून त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि पाण्याकडे बघत राहिले.

ही माझ्या कानाशी आली. "आवो, ह्ये इंजिनेर हायत का भगत?"

मला तरी कुठं माहीत होतं? पालिकेच्या कचेरीतनं बांधकाम बघायला माणूस येणार एवढंच मुलानं सांगितलं होतं. तुम्ही मंडळींनी कचेरीतली माणसं पुष्कळ बघितली असतील. कोणी आल्या आल्या खुर्ची शोधतो, कोणी पंख्याखालची जागा. पेल्यातल्या पाण्याकडे पाच पाच मिनिटं बघत बसणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. नंतरही नाही.

अंगानं काटकुळे. शर्टाच्या एका खिशात पितळी ओळंबा, रुमालात गुंडाळलेला, म्हणून तो खिसा कायम खाली लोंबलेला. दुसऱ्या खिशात एक घडी घातलेला कागद. तो कागद कसला ते पुढं सांगतो. डोक्याचे केस माझ्याएवढेच पिकलेले, तरी मला "काका" म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. मग मी त्यांना जास्तच जोरात "साहेब" म्हणायचो, म्हणजे त्यांनाही राग यावा. त्यांना येत नसे.

आमच्या गल्लीत त्यांना दोन नावं होती. आमची माणसं "पेलेवाले" म्हणत आणि शेजारच्या कारखान्यातले कामगार "पानीवाले साब". दोन्ही नावं त्यांना माहीत होती. एकदा एका पोरीनं दारातनं आत ओरडून सांगितलं, "आये, पेलेवाले आले!" तर साहेब म्हणाले, "पेलेवाले आले, पेला आणा."

आता माझं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पण तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की सरळ करणारा. चोवीस लूमच्या खटाखटीत डोळे मिटून सांगायचो, सात नंबरचा पट्टा सैल झालाय, अकराचा धोटा मार खातोय. बघायला जाणाऱ्याला तसंच सापडायचं. त्यामुळे शिकलेल्या माणसापुढं मान खाली घालायची सवय मला लागली नाही. कोणी म्हणेल हेकट. म्हणू दे.

ज्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली तो आमच्या घराला चिकटून. मधे एकच भिंत. ती भिंत मी आणि माझ्या थोरल्या भावानं स्वतः बांधली. विटा आम्ही वाहिल्या, गारा आम्ही मळला, गवंडी नुसता दोरी धरायला होता. भाऊ गेला, भिंत राहिली. त्या भिंतीबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला चालत नसे.

आणि खोलीची भानगड मी माझ्याच तोंडानं ओढवून घेतलेली. धाकट्याचं लग्न ठरलं, आखातीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं. मुलगी अंबाडी गावाकडची, बाप शेतकरी, घरचं बरं. साखरपुड्याला त्यांच्या घरी दोन्हीकडची माणसं बसली होती. व्याह्यांनी काही विचारलं नव्हतं. तरी मीच छाती पुढं काढून बोललो, "पोरगी पत्र्याखाली न्हाय नांदणार. वर पक्की खोली बांधतो. ही तुमची पडवी हाय ना, तेवढी. आखातीच्या आत." चार माणसांनी ऐकलं. व्याह्यांनी पडवीकडे एकदा नजर फिरवली, ती मला अजून आठवते. झाला शब्द.

मी तर दुसऱ्याच दिवशी विटा टाकणार होतो. आमच्या गल्लीत घरावर घर चढताना कोणी कोणाला विचारलं नव्हतं. पण धाकटा गोदामात हिशेबनीस, चार कागद वाचणारा. तो अडून बसला. "बाबा, परवानगी घेऊनच. नकाशा काढू, अर्ज करू." मी म्हटलं, "घर माझं, भिंत माझी, आभाळ काय त्यांच्या बापाचं?" पण लग्न त्याचं. अर्ज केला. आणि मग हे पेलेवाले आले.

तर पहिल्या दिवशी साहेब उकिडवे बसलेले. मीही शेजारी बसलो, बघू तरी काय दिसतंय. पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते. एक विरतोय तोवर दुसरा. आम्हाला घरात तो हादरा कधी जाणवला नव्हता. माणूस तीस वर्षं बोटीत राहिला तर त्याला जमीनच हलल्यासारखी वाटेल, तसं ते.

साहेबांनी भिंतीवर तळहात ठेवला. "हिचं वय काय?"

"तीसच्या वर."

"चांगली आहे."

मी खूश. मग म्हणाले, "पण हिच्यावर खोली नाही बसणार."

"का न्हाय? मी बांधलीय ती."

"भिंत चांगली आहे, काका. पण ती एकटी नाही ना. तिच्या पाठीला चोवीस लूम आहेत. दिवसभर पाठीत बुक्के खातेय. तिच्या डोक्यावर आणखी काय ठेवता?"

"तुमच्या पेल्याला काय कळतं त्यातलं?"

साहेब हसले नाहीत. "पाणी शाळेत गेलेलं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही."

हे उत्तर मला झोंबलं आणि आवडलंही. पण आवडलं हे मी दाखवलं नाही.

त्यांनी तिथंच जमिनीवर बोटानं आखून दाखवलं. भिंतीला हात लावायचा नाही. तिच्यापासून दोन वीत आत स्वतःचे चार खांब उभे करायचे, पाया खडकापर्यंत न्यायचा, खोली त्या खांबांवर. मी मनात मोजलं. दोन वीत गेले म्हणजे खोली व्याह्यांच्या पडवीएवढी होत नव्हती. मी म्हटलं, "न्हाय जमणार."

"मग परवानगी नाही जमणार," असं म्हणून साहेबांनी शेरा लिहिला आणि उठले. ही चहा घेऊन आली. तर हात जोडून म्हणाले, "फाईल उघडी असताना चहा नाही, ताई. फाईल बंद झाली की चहा."

"पाणी तरी प्या," ही म्हणाली.

"ते कामाचं पाणी आहे," म्हणाले आणि गेले. पेला तसाच भरलेला. हिनं तो तुळशीत ओतला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दोष माझाच, असं तिचं ठरलेलं.

मी विचार केला. साहेबांचं सगळं शास्त्र त्या पेल्यात. पाणी हललं नाही तर त्यांच्याकडे बोलायला काय राहतं? आणि भिवंडीत पाणी कधी हलत नाही हे भिवंडीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. शुक्रवारी. शुक्रवारी लूमची सुट्टी. त्या दिवशी आमच्या गल्लीत कावळ्याच्या पंखांचासुद्धा आवाज येतो.

मी कचेरीत गेलो. टोपी सारखी केली आणि म्हटलं, "साहेब, परत एकदा येऊन बघा. मला फक्त शुक्रवारी वेळ हाय."

साहेब कागदावर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "काका, रिटायर होऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"आणि वेळ फक्त शुक्रवारी?" मग पेन खाली ठेवलं. "शुक्रवारी मी लूमच्या गल्लीत येत नाही. शुक्रवारी भिवंडीतली सगळीच घरं मजबूत असतात."

टेबलापलीकडचे दोघे हसले. म्हणजे हे वाक्य त्यांनी माझ्याआधी पुष्कळांना ऐकवलेलं असणार. म्हणजे ही अक्कल पुष्कळांना सुचलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी मंगळवार दिला.

पण मी जॉबर आहे. शुक्रवार माझ्याकडे येत नसेल तर मंगळवारचा शुक्रवार करता येत नाही का?

मंगळवारी सकाळी मी कारखान्यात शेठकडे गेलो. शेठ म्हणजे माझ्या जुन्या मालकाचा मुलगा. त्याला मी हाफ चड्डीत बघितलेला. म्हटलं, "शेठ, एक काम है. आधा घंटा लूम बंद रखो."

"क्यूं चाचा? खुदा खैर करे, कोई मय्यत हुई क्या?"

"मय्यत नहीं. शादी है."

त्याला काही समजलं नाही, पण माझा मान ठेवला. साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले तसे चोवीस लूम थांबले. कामगार बिड्या पेटवून ओट्यावर येऊन बसले, जणू नाटकाला आलेत. सगळ्यांना कळलं होतं की चाचा पानीवाले साबला फसवणार.

साहेब आत आले. "पाणी द्या. काठोकाठ."

पेला ठेवला. पाणी आरशासारखं. त्यात पत्र्यातल्या काचेचा उजेड पडलेला, तोसुद्धा हलेना. मी हात मागं बांधून उभा. हिनं पदराआड तोंड लपवलं होतं. हसत होती का रडत होती, कोण जाणे.

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. मग हळूच मान वर केली आणि छताकडे बघितलं. मीही बघितलं.

पंखा. गरागरा फिरत होता.

तेव्हा दिवस लोडशेडिंगचे होते. लूम बंद म्हटलं की माणूस समजायचा, लाईट गेली. मी लूम बंद केले, कामगारांना बाहेर बसवलं, शेठला गळ घातली. पण स्वतःच्या घरातला पंखा बंद करायला विसरलो. चोवीस लूमवर माझी नजर होती, डोक्यावरच्या एका पंख्यावर नव्हती.

साहेबांनी खिशातला तो घडीचा कागद काढला, उघडून बघितला, परत घडी घातली. तो होता लोडशेडिंगचा तक्ता. कुठल्या गल्लीत लाईट कधी असते ते बघूनच ते घरं बघायला निघत. मग पिशवीतनं वर्तमानपत्र काढलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"बसतो जरा," म्हणाले. "तुमच्याकडे शांत वाटतंय आज."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. साहेबांनी पहिलं पान संपवलं, आतलं उघडलं. बाहेर कामगार चुळबुळ करायला लागले. त्यांची मजुरी मीटरवर, बसून कापड निघत नाही. शेवटी एकानं दारातनं डोकं घातलं.

"चाचा, और कितना टाइम?"

वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "चाचा से मत पूछो. पानी से पूछो."

ओट्यावर असा हशा झाला की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शेठ स्वतः दारात आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस चाचा, हो गया." आणि पलीकडे एकेक लूम सुरू झाला. पहिला, दुसरा, पाचवा. पेल्यात पहिला गोल उठला. मग गोलावर गोल. चोविसावा सुरू झाला तेव्हा काठावरनं एक थेंब सुटला आणि पेल्याच्या अंगावरनं खाली ओघळला.

साहेब रागवतील असं मला वाटलं. रागवले असते तर बरं झालं असतं, मीही रागवलो असतो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारलं, "मुलाचं लग्न आहे ना?"

"हाय."

"वर्षा-दोन वर्षांत वर पाळणा टांगाल. खरं की नाही?"

मी वर पत्र्याकडे बघितलं.

"पाळणा माणसानं हलवायचा, काका. लूमनं नाही."

मी हो म्हटलं नाही. खरंच म्हटलं नाही. मी म्हटलं, "घरात बायको मागं लागलीय म्हणून करतो चार खांब." साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. हिनं आतनं भांडं आपटलं.

काम सुरू झालं. परवानगीचा कागद भिंतीवर लावला आणि साहेबांच्या फेऱ्या चालू झाल्या. पाया खणला की यायचे, सळ्या बांधल्या की यायचे. सळ्यांचा पिंजरा बोटांनी चाचपून बघायचे, आई पोराच्या बरगड्या बघते तसा. गवंड्याला म्हणायचे, "ही रिंग कुठं फिरायला गेली?" गवंडी जीभ चावून नवी रिंग बांधायचा. एकदा ओळंबा सोडून एका खांबासमोर इतका वेळ उभे राहिले की गवंडी म्हणाला, "साहेब, एवढा वेळ मी बायकोकडे पण बघत न्हाय." साहेब म्हणाले, "म्हणून खांब वाकडा आहे." तो खांब त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ केला.

चौथ्या खड्ड्याची गोष्ट मात्र वेगळी. तो खड्डा भिंतीच्या बाजूचा. कंबरभर गेल्यावर पहार ठण्ण वाजली. गवंडी म्हणाला खडक लागला. मीही म्हटलं, लागला. दिवस भराभर चालले होते, आखाती जवळ येत होती. साहेब आले तेव्हा आम्ही खड्डा झाडून स्वच्छ करून ठेवलेला.

साहेबांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि स्वतः खड्ड्यात उतरले. खाली वाकून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, तुम्ही लूमचा आवाज ओळखता ना? गल्लीत सगळे सांगतात."

"वळखतो."

"मग मी पहार मारतो. तुम्ही ऐका."

त्यांनी एकदा मधे मारली, एकदा कडेला. मी डोळे मिटले. शेजारी लूम चालू होते, तरी ऐकू आलं. मधला आवाज भरीव. कडेचा आवाज पोकळ, खाली माती असल्यासारखा. मला काही बोलायचं नव्हतं. पण कान माझे होते. तीस वर्षं त्या कानांनी खोटं सांगितलं नव्हतं.

"धोंडा हाय," मी म्हटलं. "खडक न्हाय."

साहेब खड्ड्यातनं वर बघत होते. एवढंच म्हणाले, "मला तसंच वाटलं होतं. पण माझे कान एवढे चांगले नाहीत."

ते खरं होतं की माझी समजूत काढायला म्हणाले, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. धोंडा काढायला तीन दिवस गेले. त्याच्याखाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी माती आणि मग खरा खडक. धोंडा आजही आमच्या दारात आहे. मी त्याच्यावर बसतो.

होळी झाली आणि व्याही खोली बघायला आले. बरोबर त्यांचे दोन भाऊ. वरती स्लॅबसाठी फळ्या ठोकायचं काम चालू, साहेब शिडीवर. व्याही खालून बघत राहिले. मग त्यांनी पावलं टाकली. एक, दोन, तीन, भिंतीपर्यंत. शेतकरी माणूस, त्याचं पाऊल म्हणजे टेपच.

"व्याही," ते म्हणाले, "आपलं बोलनं दुसरं झालं होतं. पडवीएवढी म्हनाला होतात."

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं बोलायला मान वळेना. हाच तो क्षण, ज्याला मी साखरपुड्यापासून भीत होतो. साहेबांना मी सोयऱ्याला दिलेल्या शब्दाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. माणूस पेला बघायला येतो, त्याला आपलं घरचं काय सांगायचं?

शिडीवरनं आवाज आला. "खोली मी लहान केली."

व्याह्यांनी वर बघितलं. "तुमी कोन?"

"मी कचेरीतला. बांधकाम बघणारा." साहेब खाली उतरले, हात झटकले. "हे काका माझ्याशी भांडभांड भांडले. म्हणाले, सोयऱ्याला शब्द दिलाय, पडवीपेक्षा एक बोट कमी नको. मी ऐकलं नाही. शब्द त्यांनी मोडला नाही. मी मोडला."

मी साहेबांकडे बघितलं. मग हिच्याकडे. ही चुलीपाशी उगाचच राख सारखी करत होती. आलं माझ्या ध्यानात, साहेबांना कोणी सांगितलं ते.

व्याही तरी कुठं मऊ? म्हणाले, "म्हंजे माजी पोरगी दोन वीत लहान खोलीत नांदनार."

"हो," साहेब म्हणाले. "आणि झोप पुरती घेणार." मग हिच्याकडे वळले. "ताई, पाणी द्या. काठोकाठ."

त्या दिवशी व्याही, त्यांचे दोघे भाऊ, मी आणि साहेब, पाच म्हातारे त्या भिंतीजवळ पेल्याभोवती उकिडवे बसलो होतो. कोणी दारातनं बघितलं असतं तर म्हटलं असतं, जुगार चाललाय. व्याह्यांनी पाण्यावरचे गोल बघितले. पेला उचलून खांबाशी नेऊन ठेवला, तिथले पुसट गोल बघितले. परत भिंतीशी आणला. असं तीनदा केलं. शेतातला पाट बघणारा माणूस, पाण्याची भाषा त्याला माझ्याआधी समजली. उठले, धोतर झटकलं.

"असू दे लहान," म्हणाले.

आखातीच्या चार दिवस आधी खोली पुरी झाली. साहेब शेवटचं बघायला आले ते मंगळवारी, भर दुपारी, लूम सगळे चालू. वर गेले. पेला खोलीच्या मधोमध ठेवला आणि बसले. मी दारात. खाली शिडीवर गवंडी, त्याच्याखाली धाकटा. सगळे त्या पेल्याची वाट बघत.

पाणी अगदी मेल्यासारखं नव्हतं. बारकाईनं बघितलं तर मधोमध एक शिरशिरी यायची. पण काठाला पोचायच्या आत विरून जायची. काठ शांत होता.

साहेबांनी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घोट घोट न घेता, एका दमात, तहानलेल्या माणसासारखं. तोंड पुसून रिकामा पेला माझ्या हातात दिला.

ही खालनं ओरडली, "चा टाकू?"

"बांधकाम पुरं झाल्याचा दाखला मिळू द्या ताई. अजून फाईल उघडी आहे." मग शिडी उतरताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद झाली की येईन. शुक्रवारी येईन."

"शुक्रवारी?"

"चहा प्यायला शुक्रवारच बरा. बोललेलं ऐकू येतं."

लग्नाला बोलावलं, आले नाहीत. फाईल उघडी. दाखला निघायला पावसाळा गेला. तेवढ्या शुक्रवारी ही चहा जरा जास्त टाकायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "आज येतील का?" मी म्हणायचो, "मला काय विचारतेस, पाण्याला विचार."

मला साहेबांना एक सांगायचं होतं. तुमचं बरोबर होतं, एवढंच. त्याला किती वेळ लागतो? पण कचेरीत, चार माणसांसमोर ते मला जमलं नसतं. मीही शुक्रवारसाठी ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी दाखला तयार असल्याचा निरोप आला. मी धुतलेली टोपी घालून गेलो. साहेबांच्या खुर्चीत दुसराच तरुण माणूस. दाखल्यावर सही मात्र साहेबांचीच. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब रिटायर झाले, काका. गेल्या महिन्यात. गावाला गेले. घाटावर कुठंतरी, नक्की गाव मला नाही माहीत."

मी दाखल्याची घडी घातली. पायरीपर्यंत गेलो, तर शिपाई मागनं धावत आला.

"तुम्हीच ना ते, लूमच्या गल्लीतले? पंखेवाले?"

म्हणजे कचेरीत मलाही नाव पडलं होतं.

"साहेब सांगून गेलेत. तो म्हातारा येईल, आला की सांगा, चहाचं लक्षात आहे. आणि सांगा, आता वर आणखी मजला नाही."

मी रस्त्यातच हसलो. लोक बघायला लागले. मग हसू थांबलं, तरी मी तिथंच उभा राहिलो बराच वेळ.

पुढच्या वर्षी नात झाली. बारशाचा पाळणा वरच्या खोलीत टांगला. बायकांची जेवणं खाली चालली होती, पोरगी पाळण्यात जागी, मूठ चोखत. वार मी आधीच बघून ठेवला होता. शुक्रवार नव्हता. पलीकडे चोवीसच्या चोवीस लूम खटाखट चालू. मी आधी पंखा बंद केला. तेवढं मला शिकून झालं होतं. मग पेला काठोकाठ भरून पाळण्याखाली ठेवला आणि उकिडवा बसलो. गुडघे कटाकटा वाजले.

पाण्याचा काठ शांत. पाळण्याच्या दोऱ्या सरळ, साहेबांच्या ओळंब्यासारख्या. मी कितीतरी वेळ बघत होतो. पाळणा हलला नाही.

"बरोबर होतं तुमचं," मी म्हटलं. खोलीत नातीशिवाय कोणी नव्हतं.

ती रडायला लागली. मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं, उठलो आणि पाळणा हलवला.